संकटात कृतज्ञ कसं राहायचं? आमच्या बैठकीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत आमच्याकडे आठवड्यातून एकदा संध्याकाळी हरिपाठ आणि त्यानंतर थोडा वेळ नामस्मरण असतं. गावभागातली, विश्रामबागेतली माणसं येतात, मिरजेहून काही येतात, कधी जत-आटपाडीकडून कामानिमित्त शहरात आलेलं कुणी टेकतं. आरती झाल्यावर बोलणं निघतं आणि बहुतेक वेळा ते एकाच ठिकाणी येऊन थांबतं: इतकं सगळं सोसताना देवाचे आभार मानायचे तरी कसे? ते प्रश्न आणि मला जी उत्तरं पटतात ती इथे लिहिली आहेत.

संकट आलं त्याबद्दलच देवाचे आभार मानायचे का?

नाही. मूल आजारी पडलं, ऐन काढणीला द्राक्षबागेवर गारा पडल्या, हातातली नोकरी गेली, तर त्याला बरं म्हणायची सक्ती तुमच्यावर कुणी केलेली नाही. वाईट ते वाईटच. कृतज्ञता असते ती त्या वाईट दिवसांतही जे आपल्यापर्यंत पोचत राहतं त्याबद्दल. दवाखान्यात रात्रभर सोबत बसलेला चुलतभाऊ, उधारी थांबवणारा दुकानदार, सगळं सुटलं तरी ओठांवर राहिलेलं नाम. आमच्याकडे येणारी कितीतरी माणसं कृतज्ञता जमत नाही म्हणून स्वतःला दोष देतात. विचारपूस केली की कळतं, ती बिचारी गारांचेच आभार मानायला बघत होती. ते कुणालाच जमणार नाही, आणि जमवायचं कारणही नाही.

मग तुकोबांनी "दिवाळं निघालं ते बरं झालं" असं का म्हटलं?

हा प्रश्न विचारणारा माणूस बहुतेक नुकताच कुठलं तरी कीर्तन ऐकून आलेला असतो, आणि दुखावलेला असतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुकोबांचा तसा अभंग आहे, हे खरं. दुष्काळाने पीडा केली ते बरं झालं, त्या अनुतापातून तुझं चिंतन राहिलं, असं ते देवाला सांगतात. पण त्या अभंगामागचं आयुष्य बघा. आईवडील आधीच गेलेले. 1630 च्या सुमाराला दख्खनमध्ये जो भयंकर दुष्काळ पडला, त्यात पहिली पत्नी अन्न अन्न करत गेली, मुलगा गेला. पिढीजात व्यापार बुडाला, गावात पत राहिली नाही. आणि याच तुकोबांनी आपली हकीकत सांगताना या दुःखाने जीव त्रासला, लाज वाटू लागली, असंही स्वच्छ सांगितलं आहे. ते वाक्य कीर्तनात फारसं ऐकू येत नाही. मला ते अभंगाइतकंच मोलाचं वाटतं, कारण त्यामुळे कळतं की "बरं झालं" हे पहिल्या दिवशीचं वाक्य नाही. मध्ये डोंगरावरचं एकांतातलं चिंतन आहे, मोडकं देऊळ दुरुस्त करणं आहे, पाठांतर आहे, कितीतरी रात्री आहेत.

दुसरं म्हणजे ते वाक्य तुकोबांनी स्वतःबद्दल म्हटलं. शेजारच्या घरात मूल दगावलं असताना तिथे जाऊन "बरं झालं हो" म्हणणारे तुकोबा तुम्हाला गाथेत सापडणार नाहीत. आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. परंपरा सांगते की लोकांकडून येणं असलेली खतपत्रं त्यांनी वाटणी करून निम्मी भावाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. भूक काय असते हे कळलेल्या माणसाने दुसऱ्याच्या मानेवरचं कर्ज उतरवलं. त्यांचं "बरं झालं" मला त्या बुडालेल्या कागदांत जास्त स्पष्ट वाचता येतं.

नाम घ्यायला लागल्यापासून अडचणी वाढल्या. माझं काही चुकतंय का?

तुमचं काही चुकत नाही. नाम घेतल्याने गारा थांबत नाहीत आणि नाम घेतल्याने गारा पडतही नाहीत. "देव परीक्षा घेतोय" किंवा "प्रारब्ध जळतंय" असं सांगणारे भेटतील. कुणाला त्याने धीर येत असेल तर येवो, पण ते तुमच्यावर लादू देऊ नका. गोंदवलेकर महाराजांनी जन्मभर रामनामच सांगितलं, आणि उतारवयात दम्याने ते बेजार असत. नामाने दमा गेला नाही, आणि दम्यामुळे नामही सुटलं नाही.

देवाचा राग येतो. हात जोडावेसेच वाटत नाहीत. अशा वेळी काय करावं?

मग भांडा. आपल्याकडे हे पाप नाही, ही आपली जुनी रीत आहे. जनाबाईंनी विठ्ठलाला अरे-तुरे केलं, शिव्या घातल्या. नामदेव त्याच्यावर रुसत. सज्जनगडावर जी करुणाष्टकं आपण डोळे मिटून म्हणतो, त्यात समर्थ देवाला किती काकुळतीने हाका मारतात ते एकदा शब्दाशब्दाने ऐका. आणि चोखोबा तर देवाला जाबच विचारतात. ज्याच्या देवळाची पायरी चढू दिली नाही, त्याच देवाला त्यांनी विचारलं की असा जन्म दिलास कशाला. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून त्याखाली दगडमातीत मेलेला तो माणूस, त्याची समाधी आज पंढरीत महाद्वारासमोर आहे.

यांतल्या कुणालाही आपण कृतघ्न म्हणत नाही. ज्याच्याशी बोलणं चालू आहे त्याच्यावरच माणूस चिडतो. आज आभार मानवत नसतील तर तक्रार सांगा, पण देवापुढे बसून सांगा. माझ्या ओळखीतल्या एक आजी देवघरापुढे बसून रोज आधी गाऱ्हाणं घालतात आणि मग हरिपाठ धरतात. दोन्ही मनापासून असतं.

महापुरात घर गेलं. त्याबद्दल कोणत्या तोंडाने कृतज्ञ राहू?

सांगलीकराला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. 2005, 2019, 2021. कृष्णामाईची ओटी भरणारे आपण, आणि तिनेच घरात शिरून कपाटातली लग्नाची साडी चिखलात लोळवली. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 45 फुटांची. त्याच आठवड्यात ब्रह्मनाळला बचावाची नाव उलटली आणि पुरातून सुटायला निघालेली माणसं बुडाली. त्या घरांसमोर कृतज्ञतेवर बोलायचा अधिकार मला नाही. तिथे जाऊन नुसतं बसावं.

ज्यांचं घर गेलं पण माणसं राहिली, त्यांना मी एवढंच विचारते: पाणी ओसरल्यावर काय काय आलं? गाळ उपसायला कधी न पाहिलेली पोरं आली. ओळखपाळख नसलेल्या गावांतून फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या आल्या, सोबत चटणी. कुणीतरी पिण्याच्या पाण्याचा टँकर दारात उभा केला. हे सांगायला लागलं की माणसाचा आवाज बदलतो. मी हे कितीदा तरी ऐकलंय. पुराचा राग तसाच असतो, आणि त्याच तोंडाने ती भाकरी पाठवणाऱ्या न पाहिलेल्या बाईला दुवा दिला जातो.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगते. "देवाची करणी" म्हणून गप्प बसू नका. पूररेषेत बांधकामं कशी झाली, ओत (पुराचं पाणी वाहून जायच्या सखल वाटा) आणि नाले बुजवले कुणी, धरणांतून पाणी कधी आणि किती सोडलं, पंचनाम्यात नाव का नाही, हे सगळं विचारायलाच हवं. कृष्णेवर माया असलेल्या माणसाने तर आधी विचारावं. नदीला तिची जागा सोडणं ही तिची ओटी भरण्याइतकीच पूजा आहे.

"दुसऱ्यांचं बघा, त्यांच्या मानाने तुमचं बरंच चाललंय." याने काही साधतं का?

फारसं नाही. दुसऱ्याचं दुःख मोजून मिळवलेलं समाधान फार दिवस पुरत नाही, आणि ज्याच्याकडे बोट दाखवतो त्याचा त्यात अपमान होतो.

आम्ही माणदेशातले. पाऊसच नाही, मग कृतज्ञता कशाची?

एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाऊस कोसळतो, आणि माण-खटावात सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीतली कोरडी जमीन. इकडे जत, आटपाडी, कवठेमहांकाळची तीच गत. टेंभू आणि म्हैसाळ योजनांचं पाणी आता काही गावांत पोचलंय, पण टँकरची वाट बघत काढलेले उन्हाळे तिथली माणसं विसरलेली नाहीत.

याच माण तालुक्यात गोंदवलं आहे. ब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराजांचा जन्म 1845 चा, देह ठेवला 22 डिसेंबर 1913 ला. 1876-77 च्या मोठ्या दुष्काळात त्यांनी काय केलं हे मी प्रत्येक नव्या माणसाला सांगते. भुकेल्या लोकांना त्यांनी प्रवचन दिलं नाही. आपल्या शेतांवर कामं काढली, हातांना काम दिलं आणि पोटाला भाकरी. काम दिलं, कारण भुकेल्या माणसालाही मान असतो. आज गोंदवल्याला जो जाईल त्याला जेवण मिळतं, जात न विचारता, पैसे न मागता. त्या पंगतीत बसलं की मला नेहमी वाटतं, दुष्काळी मुलखातच अन्नदान हे मुख्य व्रत व्हावं यात नवल नाही. अन्नाचं मोल तिथल्या माणसाला ठाऊक आहे.

कृतज्ञता कशाची, असं तुम्ही विचारता, पण माणदेशात मी ती पाहिलेली आहे. आपल्या भागात बैलांचा सण म्हणजे बेंदूर, आषाढातला. चारा छावणीत मुक्काम असतानाही बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावणारी, कुठून तरी डाळ-गूळ जमवून त्याला पोळी भरवणारी माणसं तिथे आहेत. त्या वर्षी बैलाने नांगरटही केलेली नसते, कारण रान भिजलेलंच नसतं. तरी त्याचा सण होतो.

सासरी जाच आहे. "सोशीक राहा, देवाचे आभार मान" असं सांगतात. तसं राहू का?

नाही, बाई. आणि हे सांगताना मी सखूचीच आठवण देईन, कारण तुम्हालाही तिचीच गोष्ट सांगून गप्प बसवत असतील. संत सखू आपल्या कऱ्हाडची. सासरच्यांनी तिला छळलं, खांबाला बांधून ठेवलं, आणि देव तिच्या जागी बांधून घ्यायला आला, अशी कथा आहे. लोक तिच्यातला सोसण्याचा भाग घोळवून सांगतात. कथा नीट ऐकली तर सखू तिथे थांबली नाही, ती पंढरीला निघून गेली. आणि देवाने तिला "सोस" म्हणून सांगितलं नाही, त्याने तिची दोरी सोडली.

मारहाण होत असेल, जिवाची भीती वाटत असेल, तर 181 ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे आणि तातडीला 112. माहेरी, मैत्रिणीकडे, पोलिसांत, जिथे दोरी सुटेल तिथे जा. नाम तिथेही घेता येतं.

ज्यांनी आमचं वाईट केलं त्यांच्याबद्दल मनात काय ठेवायचं?

भावकीत जमिनीवरून तुटलेली घरं आपल्याकडे कमी नाहीत, त्यामुळे हा प्रश्न हमखास येतो. ज्ञानेश्वरांच्या आईवडिलांना समाजाने देहांत प्रायश्चित्त घ्यायला लावलं. चार पोरकी भावंडं वाळीत वाढली. त्यातल्या एका मुलाने 1290 साली नेवाशाला ज्ञानेश्वरी पुरी केली आणि शेवटी देवाकडे मागितलं ते पसायदान. त्यात दुष्टांचं वाटोळं कर असं नाही, त्यांच्यातला दुष्टपणा जावो असं आहे. एवढी उंची आपल्याला एका दिवसात येणार नाही. पण कोर्टात आपल्या हक्काची केस चालू ठेवूनही त्या माणसाच्या मुलाबाळांचं वाईट न चिंतणं, इतकं आजपासून जमू शकतं. आभार मात्र त्याचे मानू नका. त्याने केलं ते चूकच होतं.

घरातलं माणूस गेलं. भेटायला येणारे "देवाला आवडलं" म्हणतात, ते ऐकवत नाही.

न ऐकवणं स्वाभाविक आहे. येणारे बहुतेक वाईट हेतूने बोलत नाहीत, त्यांना शब्द सुचत नाहीत. पण आपण कुणाकडे जाऊ तेव्हा तरी हे टाळू या. गेलेल्या माणसाची एखादी खरी आठवण सांगावी, पिठलं-भाकरी करून न्यावी, बँकेची नाहीतर तलाठ्याकडची कागदपत्रं करायला बरोबर जावं. दुःख ताजं असताना कृतज्ञतेचा विषयही काढू नये, ना दुसऱ्याकडे, ना स्वतःच्या मनाशी. काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, त्या माणसाचं आपल्याकडे असणं किती मोठं होतं ते आठवून डोळे भरतात. ती कृतज्ञताच असते. ती आपली आपण येते.

रोज नेमकं काय करायचं?

नवं काही शोधायला नको, आपल्या घरात सगळं आहे. सकाळी उठून जमिनीवर पाय ठेवण्याआधी तिला नमस्कार करायची पद्धत आहे, ती परत सुरू करा. जेवणाआधी "वदनी कवळ घेता" म्हणा, पण घाईने नको. म्हणताना ताटातली एक वस्तू निवडा आणि ती कुणाकुणाच्या हातून आली ते आठवा. हळद घ्या. सांगलीच्या हळदीच्या पेठेत ती यायच्या आधी कुणीतरी लावण केली, खणली, शिजवली, उन्हात वाळवली, पॉलिश केली, मग हमालाच्या पाठीवरून ती आली. आमटीत चिमूटभर पडते तेव्हा इतकी माणसं ताटात असतात.

संध्याकाळी दिवा लावल्यावर दिवसभरातली एक गोष्ट देवाला सांगा. एकच, पण नाव-गाव-तपशिलासकट. "देवा, तू सगळं दिलंस" असं म्हणण्यात मन लागत नाही. "आज बसमध्ये त्या मुलीने उठून जागा दिली, माझे गुडघे फार दुखत होते" यात लागतं.

आणि आठवड्यातून एकदा ते आभार माणसापर्यंत पोचवा. तुम्हाला कधीकाळी फी भरायला मदत केलेले मास्तर असतील तर फोन करा. देवापुढे वीस वर्षं त्यांचं नाव घेतलं आणि त्यांना एकदाही सांगितलं नाही, असं आपलं होतं.

म्हणते, पण शब्द कोरडे वाटतात.

वाटू देत. म्हणत राहा. लावणी केल्यावर रोज माती उकरून कोंब आला का बघत नाहीत.

मन इतकं खचलंय की काहीच नको वाटतं. भक्ती कमी पडतेय का?

भक्तीचा इथे संबंध नाही. झोप उडाली असेल, अन्न जात नसेल, कशातच रस वाटत नसेल आणि असं दोन-तीन आठवडे चाललं असेल, तर तो आजार असू शकतो. त्याला डॉक्टर आणि औषध आहे. मिरजेला मोठमोठी रुग्णालयं आहेत, तिथे मानसोपचार मिळतो. जीव नकोसा वाटत असेल तर आजच, आत्ताच कुणाशी तरी बोला. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक 14416 आहे, फोन मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. कर्जाच्या चिंतेने आत आत बुडत चाललेल्या शेतकरी भावाबद्दल हे विशेष सांगते: त्याला "नामस्मरण कर" एवढंच सांगून निघून जाऊ नका. त्याच्याबरोबर बँकेत जा, दवाखान्यात जा, रात्री त्याला एकटं ठेवू नका. गोळ्या घेत नाम घेतलं तर नामाला कमीपणा येत नाही. ताप आल्यावर आपण तसंच करतो.

आम्ही दर्ग्याला जाणारे. हे सगळं आम्हालाही लागू आहे का?

तुमच्याकडे सब्र आणि शुक्र, म्हणजे धीर आणि कृतज्ञता, ही जोडी आहेच, तेव्हा मी वेगळं काय सांगणार. मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्याची एक आठवण मात्र सांगते. उस्ताद अब्दुल करीम खाँ प्लेगाच्या आजारातून उठले ते मीरासाहेबांच्या कृपेने, अशी त्यांची श्रद्धा होती, असं मिरजेत जुनी माणसं सांगतात. खाँसाहेब मिरजेचेच होऊन राहिले आणि दर्ग्यात सेवा म्हणून गात. 1937 साली ते गेले, दफनही तिथेच आहे, आणि त्यांच्या आठवणीत दर्ग्याच्या आवारात आजही मोठमोठे गायक-वादक हजेरी लावतात. ऐकायला हिंदू-मुसलमान दोघं बसतात. ज्याच्याकडे गळा होता त्याने गळ्याने आभार मानले. तुमच्याकडे जे असेल त्याने माना.

नवस बोलले होते, आता फेडायला पैसे नाहीत. देव कोपेल का?

कोपणार नाही. पालीच्या खंडोबाला जागरण घालीन, शिखर शिंगणापूरला सगळं घर घेऊन जाईन, औदुंबरला दत्तापुढे गावजेवण घालीन, असं अडचणीच्या वेळी आपण बोलून जातो. पुढे हात तंगीत येतात आणि मग त्या भीतीने लोक सोनं गहाण टाकतात, पतसंस्थेचं कर्ज काढतात. तसं अजिबात करू नका. मुलांच्या शाळेच्या पैशाला हात लावून फेडलेला नवस कुठल्या देवाला गोड लागेल? देवापुढे नारळ ठेवून स्पष्ट सांगा की आज एवढंच जमतंय. पाच माणसांना जेवू घालणं जमत असेल तर पाचांना घाला. तेही जमत नसेल तर एखाद्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला घरी बोलवा आणि घरात जे शिजलंय तेच वाढा. बाकीचं हात मोकळा झाला की बघता येईल, आणि घरातल्या मोठ्यांनी घाई केली तर त्यांना आमच्याकडे एकदा घेऊन या, मी बोलेन त्यांच्याशी.